गुळवेल कुठली, मातीला विचारा

कोकणात कुंडलिका नदीकाठच्या अष्टमी गावचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनी बेसॉल्टचा. मुळं कॅल्शियमसोबत किंचित स्ट्रॉन्शियमही शोषतात. त्यातल्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचं गुणोत्तर गुळवेल वाळवून चूर्ण केली तरी टिकतं. रुबिडियम-८७ अतिसावकाश स्ट्रॉन्शियम-८७ होतं. म्हणून पूर्व विदर्भातल्या अतिप्राचीन ग्रॅनाइटवर हे गुणोत्तर चढं, बेसॉल्टवर सहसा कमी. पुडीवर गाव कुठलंही छापा, मास स्पेक्ट्रोमीटर खडक ओळखतो.

गाव मात्र नाही! अष्टमी आणि घाटावरचं जुन्नर, दोन्हीकडे बेसॉल्टच. अशा वेळी मुसळधार पावसानं धुपलेल्या कोकणी मातीतलं लोह, मँगनीज आणि इतर मूलद्रव्यांचं प्रमाणही ताडून पाहावं लागतं. अर्थात, त्या-त्या ठिकाणचे खात्रीचे नमुने आधी जमवलेले हवेत. खत घातलेल्या शेतातला वेल तर गोंधळात टाकू शकतो.