फक्कीची रेषा पोरांसाठी, तशीच गुरुजींसाठीही

शेतकरी बंधूंनो, आपल्या पोराचा फुटबॉलचा सामना तुम्ही कधी रेषेवर उभे राहून पाहिला असेल, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. मैदानात बावीस पोरे खेळतात आणि बाहेरून दोनशे माणसे त्यांना खेळवतात. 'अरे मार ना', 'पंच आंधळा हाय का?' अशा आरोळ्या उठतात. त्यात संघाचे सरच सर्वांत पुढे असले, तर बाकीच्यांना आवरणार कोण?

शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींचे फुटबॉल सामने होतात. चांदवड तालुक्यातल्या खेड्यापाड्यांवरची पोरे त्यासाठी गाडीभाडे खर्चून येतात. पंच असतो बहुधा दुसऱ्या शाळेचा पीटीचा शिक्षक. मानधन नावापुरते आणि ऊन पूर्ण दिवसाचे. अशा माणसाला चारचौघांत शिव्या बसल्या, तर पुढच्या वर्षी तो कशाला येईल? पंच आला नाही की स्पर्धा बंद आणि पोरे घरी. म्हणून हा विषय एकट्या पंचाच्या मानापमानाचा नाही. तो आपल्या पोरांच्या मैदानाचा आहे.

वांधा काढायची रीत असते

बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो. ट्रॅक्टर खाली होताना माल वेगळा निघाला असे व्यापारी म्हणाला, तर वांधा निघतो. त्या वेळी आपण कोणाची गचांडी धरतो का? समितीचा माणूस येतो, माल पाहतो, दोन्ही बाजू ऐकतो आणि वांधा मिटवतो. रोजचा बाजार चालतो तो या रीतीवर. मैदानाचीही अशीच रीत आहे. फरक इतकाच की तिथे निकाल जागच्या जागी द्यावा लागतो आणि तो एकटा पंच देतो. चेंडू रेषेपार गेला की नाही, धक्का लागला की नाही, अशा घडलेल्या गोष्टींबाबत त्याचा शब्द अखेरचा. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तो निर्णय पंचालाही फिरवता येत नाही. मग आरडाओरड करून मिळते काय? घसा बसतो, दुसरे काही नाही.

नियम काय सांगतो?

फुटबॉलच्या नियमांत प्रशिक्षकाला उभे राहायला जागा आखून दिलेली आहे. बाकाच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर आणि पुढे मैदानाच्या रेषेच्या एक मीटर अलीकडपर्यंत. त्या चौकटीतून खेळाडूंना सूचना द्यायला मुभा आहे, मात्र एका वेळी एकानेच बोलायचे. चौकटीत कोण कोण बसणार, ती नावे सामन्याआधी द्यायची. पोर जखमी झाले, तर उपचार करणाऱ्याला आत जाता येते, पण पंचाने हात केल्यावरच.

चौकट मोडली तर पायऱ्या तीन आहेत. किरकोळ कुरबुरीला तोंडी ताकीद. वारंवार चौकटीबाहेर येणे, पाण्याची बाटली आपटणे, पंचाला खिजवण्यासाठी टाळ्या वाजवणे, याला पिवळे कार्ड. शिवीगाळ, हाणामारी, मैदानात वस्तू फेकणे, पंचाला जाब विचारायला आत घुसणे किंवा समोरच्या संघाचा चेंडू अडवून धरणे, याला थेट लाल कार्ड. दोन पिवळी झाली तरी लालच. पूर्वी कार्डे फक्त खेळाडूंना दाखवत. २०१९ पासून ती प्रशिक्षकांनाही दाखवली जातात. आपल्या कबड्डीतही हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड आहेच, तेव्हा हे काही परके राहिलेले नाही.

आता एक कलम नीट वाचा. बाकावरून शिवी आली, पण दिली कोणी ते कळलेच नाही, तर कार्ड कोणाला? तिथे हजर असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला. 'मी नाही, मागून कोणीतरी ओरडलं' ही सबब चालत नाही. घरच्या गड्याने शेजाऱ्याचा बांध कोरला, तर जाब मालकालाच विचारतात, तसेच हे. दुसरे एक कलम माणुसकीचे आहे. उपचार करणाऱ्याच्या हातून लाल कार्डाची चूक झाली आणि संघाकडे दुसरा वैद्यकीय माणूस नसेल, तर त्याला थांबू देता येते. जखमी पोराचे हाल होऊ नयेत हा त्यामागचा हेतू.

चांगला पंच काय करतो?

चांगला पंच पहिल्या आरोळीला धावत जात नाही. पोटतिडकीने ओरडणारा सर कोण आणि अपमान करणारा कोण, हे तो ओळखतो. चेंडू थांबला की शांतपणे जातो, दोन वाक्ये बोलतो आणि परत फिरतो, वाद घालत बसत नाही. आत घोळका करू देत नाही, कर्णधाराशीच बोलतो. बाकाच्या बाजूचा सहायक त्याचे डोळे आणि कान असतो. मोठ्या सामन्यांत या कामाला चौथा पंच असतो. लाल कार्ड मिळालेला माणूस बाहेर गेल्याशिवाय तो खेळ सुरू करत नाही आणि घडले ते सगळे लेखी कळवतो. अगदीच हाताबाहेर गेले, तर सामना बंद करण्याचा अधिकार त्याला आहे.

राग महागात पडतो

३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूला इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना होता. जादा वेळेत सुनील छेत्रीने झटकन फ्री किक मारून गोल केला. समोरच्या केरळा ब्लास्टर्सचे म्हणणे, आम्ही तयारच नव्हतो. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघच मैदानाबाहेर नेला. तक्रार खरी की खोटी, यावर लोक पुष्कळ भांडले. पण सामना गेला तो गेलाच. वर क्लबला ४ कोटी रुपये दंड, प्रशिक्षकाला १० सामन्यांची बंदी आणि ५ लाखांचा दंड. अपीलही फेटाळले गेले.

आपल्याकडेही २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांशी गैरवर्तन केल्यावरून दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. कोल्हापुरात तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ आहेत आणि गल्ली-गल्लीत ईर्षा आहे. तिथेही समर्थकांच्या हुल्लडीने सामने थांबायची वेळ आलेली आहे. ईर्षा हवीच, तिच्याशिवाय खेळाला रंग नाही. पण ती आवरणारा माणूस बाकावर असला पाहिजे.

गावाने काय करावे?

सरपंच, पोलीस पाटील आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांनो, यात खर्च फार नाही. मैदान आखताना चार मुठी फक्की जास्त घ्या आणि दोन्ही बाकांपुढे चौकट आखा. प्रेक्षकांसाठी मैदानाच्या रेषेपासून थोडी लांब दोरी बांधा. सामन्याआधी दोन्ही सरांना आणि पंचाला एकत्र बसवून नियम वाचून दाखवा. तक्रार कोणाकडे, किती वेळात आणि कशी लेखी द्यायची, ते आधीच ठरवा. पंचाला चहापाणी, सावली आणि परतीची सोय द्या.

आणि एक पथ्य मोठ्या मंडळींनीही पाळावे. ज्याने बक्षीस दिले, त्याने पंच विकत घेतलेला नाही. सत्काराची शाल आणि नारळ सामन्याआधी किंवा नंतर. खेळ चालू असताना पुढाऱ्यानेही दोरीच्या बाहेरच थांबावे.

बारा-तेरा वर्षांचे पोर गोल हुकला की आधी सरांकडे पाहते. सर पंचावर धावले, तर पोर समजते की हरल्यावर असेच करायचे असते. सर 'चल, परत जागेवर ये' म्हणाले, तर ते मागे पळते आणि पुढचा चेंडू अडवते. येत्या स्पर्धेला तुम्ही रेषेवर उभे राहाल, तेव्हा पोराच्या नजरेला काय पडेल एवढा विचार करा आणि मगच तोंड उघडा.