पशुवैद्याची पाटी आणि पशुवैद्याचा लौकिक

कापडाचा दुकानदार गिऱ्हाइकापुढें ठाण उलगडून दाखवूं शकतो. पशुवैद्याजवळ तसें दाखविण्यासारखें कांहींच नसतें. त्याचा रोगी मुका, आणि फी देणारा धनी निराळाच. उपचार योग्य झाला कीं नाहीं, हें धन्याला पारखतां येत नाहीं. पारखतां येते ती वैद्याची वागणूक. मग या धंद्याचा जम बसावा कसा?

पहिला मार्ग जाहिरातीचा. पण भारतांत तो फारसा मोकळा नाहीं. १९८४ सालीं भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा झाला व १९९२ सालीं व्यावसायिक सदाचाराचे नियम निघाले. जाहिरातबाजीनें रोगी ओढणें त्यांना संमत नाहीं. बंधन जाचक वाटलें, तरी त्यामागें शहाणपण आहे. घाबरलेल्या धन्याला हमीची भाषा गोड लागते, आणि बरें करण्याची हमी कोणताच प्रामाणिक वैद्य देऊं शकत नाहीं.

दुसरा मार्ग ज्ञानदानाचा. बोका वारंवार लघवीस बसतो, कण्हतो, पण थेंबहि पडत नाहीं. घरची मंडळी बद्धकोष्ठ समजून स्वस्थ बसतात. वस्तुतः मूत्रमार्ग तुंबलेला असतो, आणि एकदोन दिवसांत उपचार न झाल्यास बोका दगावतो. ज्या वैद्यानें ही गोष्ट आळींतील चार घरांना आधींच सांगून ठेविली, त्याच्याकडे बोका वेळेवर येतो. कुत्रें पिसाळण्याच्या रोगाचेंहि तसेंच. लक्षणें दिसल्यावर इलाज नाहीं. म्हणून पिलाला तिसऱ्या महिन्याच्या सुमारास लस टोंचावी, वर्षानें पुन्हां, व पुढें नेमानें. ती तारीख धनी विसरतो. वैद्याकडून आलेलें दोन ओळींचें पत्र त्याला ती विसरूं देत नाहीं. त्या पत्रानें वैद्याचा धंदा वाढतो हें खरें, पण घरांतील मुलेंहि सुरक्षित राहतात.

बाकीच्या गोष्टी साध्याच आहेत. खर्चाचा अंदाज आधीं सांगावा. शस्त्रक्रियेच्या दुसरे दिवशीं आपण होऊन विचारपूस करावी. आवाक्याबाहेरचा रोगी, १८८६ पासून परळ येथें चालत आलेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणीं, विनासंकोच धाडावा. त्या दिवशींची फी जाते, परंतु धन्याचा विश्वास राहतो. आणि पुढचें जनावर घेऊन तो त्याच दारीं येतो.