सशाला शिकवण्याआधी

पोंभुर्णा परिसरात धानाच्या बांध्यांजवळ, जंगलाच्या कडेला सशाचे पिल्लू एकटे दिसले, की मुले ते उचलून घरी आणतात. ‘आई मेली असेल’ हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. रानसशाची मादी पिल्लांना गवतात दडवून दूर राहते आणि दूध पाजायला बहुधा अंधार पडल्यावरच येते. असे पिल्लू होते तिथेच राहू द्यावे. रानससा पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय पिंजऱ्यात तो भीतीनेच खचतो.

बाजारात मिळणारा पांढरा ससा हा वेगळाच प्राणी. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात गटाने राहणारे. म्हणूनच तो माणसात रुळतो आणि शिकतोही. स्वीडनमध्ये तर १९७०च्या दशकापासून सशांच्या अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धा होतात.

शिकवण्याची सुरुवात शी-शूपासून करावी. ससा स्वतःच एक कोपरा ठरवतो. तिथेच पसरट टोपले ठेवून तळाशी कागद, वर तणस आणि त्याच्याच थोड्या लेंड्या टाकाव्यात. टोपले आपल्या सोयीच्या जागी ठेवण्याचा हट्ट धरला, की गाडी अडते. हाक मारून बोलवायला शिकवताना तो जवळ आला, की लगेच कोथिंबिरीचे एक पान द्यावे. पाच मिनिटे पुरेत. रागावून मात्र काहीच साधत नाही. ससा हा शिकार होणारा प्राणी. ओरडणाऱ्या मुलापासून तो पळायलाच शिकतो. मागचा पाय जमिनीवर आपटला, की तो घाबरला आहे हे मुलांनी ओळखावे. कान धरून तर कधीच उचलू नये. हवेत लाथा झाडताना त्याचा मणका मोडू शकतो.

खाण्यात मुख्य वाटा गवताचा हवा, कारण त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. चित्रातले गाजर गोड, म्हणून क्वचितच द्यावे. भात, बिस्किटे नकोतच. अर्धा दिवस काही खाल्ले नाही, तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

चंद्रपूर जिल्ह्यातला खरा धोका उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि सशाला तिशीपलीकडेच त्रास सुरू होतो. त्याला घामातून अंग थंड करता येत नाही. उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर पडते. टिनाच्या छपराखाली पिंजरा म्हणजे भट्टीच. घरातली थंड फरशी, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, पाण्याने पुसलेले कान हे उपाय करावेत. या दिवसांत शिकवणी पहाटेच घ्यावी.

ससा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. सशाच्या अंगावरचे केस गोल चट्ट्यांनी गळत असतील आणि मुलाच्या हातावर खाजरा, कडेने लाल गोल डाग आला, तर तो गजकर्णाचा संसर्ग असू शकतो. मेडिकलमधून परस्पर मलम आणू नये. त्यात स्टेरॉइड असेल तर गजकर्ण पसरते. डॉक्टरांना दाखवताना घरात ससा आहे, हे आवर्जून सांगावे.