जोडणी तुटली तरी चालू राहणारे काम
दूरच्या लिनक्स सर्व्हरवर टर्मिनलमधून काम सुरू असताना जोडणी तुटली, की त्या टर्मिनलवरच्या प्रोग्रॅमना ‘हँगअप’ हा संकेत मिळतो आणि त्यांतले बहुतेक तिथेच थांबतात. कित्येक तास चाललेला डेटाबेसचा बॅकअप अर्धवट राहतो. टर्मिनल मल्टिप्लेक्सर हे नुकसान टाळतो. 1987 मधला स्क्रीन आणि निकोलस मॅरियट यांनी 2007 पासून विकसित केलेला टीमक्स हे त्यांतले प्रमुख.

टीमक्सचा मुख्य भाग सर्व्हरवर पडद्याआड चालतो आणि सगळे प्रोग्रॅम त्याने तयार केलेल्या आभासी टर्मिनलांना जोडलेले असतात. या टर्मिनलांच्या समूहाला सत्र म्हणतात. वापरणाऱ्यासमोर असते ती त्या सत्राकडे पाहण्याची खिडकी. ती मिटली तरी आतले काम चालूच राहते. कंट्रोल-बी आणि मग डी दाबले, की सत्र सोडता येते. नंतर दुसऱ्या संगणकावरून त्याच सर्व्हरवर शिरून ‘टीमक्स अटॅच’ ही आज्ञा दिली, की तेच सत्र पुन्हा समोर येते. एकाच पडद्याचे भाग पाडून एकीकडे लॉग आणि दुसरीकडे संपादक ठेवता येतो, पण खरे मोल या टिकाऊपणाचेच. सत्रे अनेक असतील, तर प्रत्येकाला नाव द्यावेच.

सर्व्हरच रीस्टार्ट झाला, तर मात्र सत्रे नाहीशी होतात.