अँटॉप हिलवरून बर्फाचा माग

बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना लोकलच्या फलाटावर आपण इतक्यांदा ऐकली आहे की ती अंगवळणी पडली आहे. अशा शहरात कुणी झाडाच्या ढोलीत डबा लपवावा आणि अनोळखी माणसाने तो शोधत यावं, हे कसं जमायचं? पण जगभर हा खेळ चालतो. जिओकॅशिंग त्याचं नाव, आणि त्याची जन्मतारीखही ठाऊक आहे : ३ मे २०००.

त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली होती. तोवर सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. शंभर मीटरमध्ये आपल्याकडे अख्खी चाळ मावते! रातोरात ती चूक काही मीटरवर आली, आणि ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत पुस्तकं होती, एक गलोल होती, डबाबंद घेवडाही होता. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, एवढाच नियम. काही दिवसांतच ती सापडली.

आकड्यांची ही ताकद पाहण्यासारखी आहे. १९.०२ उत्तर, ७२.८७ पूर्व असं लिहिलं की आपण मुंबईतल्या अँटॉप हिल या टेकडीच्या परिसरात येतो. दशांशचिन्हापुढचा दुसरा आकडा साधारण एक किलोमीटरचा फरक सांगतो. पाचव्या आकड्यापर्यंत गेलात तर एका मीटरवर, म्हणजे जवळजवळ एका पायरीवर येऊन उभे राहता.

मला मात्र या खेळातला बिनडब्याचा प्रकार सर्वांत भावतो. २००४ साली जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या पुढाकाराने तो सुरू झाला. त्याला म्हणतात अर्थकॅश. मूळ शब्द पृथ्वीवाचक, पण मराठी कानाला त्यात ‘अर्थ’ ऐकू येतो आणि तो अगदी योग्य आहे. इथे काहीच लपवलेलं नसतं. दिलेल्या जागी जायचं, समोरचा खडक पाहायचा आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. हिमनदीने कोरलेल्या दऱ्यांतल्या पायवाटांवर हे प्रश्न फार गमतीचे असतात. खडकावरचे ओरखडे कोणत्या दिशेला जातात? हा भलामोठा धोंडा भोवतालच्या खडकाशी जुळतो का? हिमनदीच्या तळाशी गोठलेले दगड खालच्या खडकाला घासकागदासारखे घासत जातात. ओरखड्यांवरून बर्फ कुठून आला ते कळतं. न जुळणारा धोंडा हा बर्फाने दूरवरून वाहून आणलेला पाहुणा असतो.

अँटॉप हिलवर असा ओरखडा मिळणार नाही. शीव, अँटॉप हिल, शिवडी ही मुंबईच्या पूर्वेकडची टेकड्यांची रांग ज्वालामुखीची लेक आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आणि राख, असा इथला जन्म.

मग बर्फ शोधायला हिमालयात जावं लागतं का? नाही, चंद्रपूर जिल्हा पुरतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या चंद्रपुरात! पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी १८७०च्या दशकात एक खडक नोंदवला. चुनखडीचा तो पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला होता, आणि त्यावर एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेघा होत्या. वर मातीत रुतलेले धोंडे, तेही ओरखडलेले. नदी दगड गोल करते, पण अशा सरळ रेघा ओढत नाही. ही खूण हिमनदीची आहे. सुमारे २९-३० कोटी वर्षांपूर्वी ही भूमी दक्षिण ध्रुवाकडे होती, एका महाखंडाला जोडलेली. त्या महाखंडाला विज्ञानाने दिलेलं नावही गोंडांच्या मुलखावरून आलं : गोंडवन. गोंड राजांची राजधानी असलेल्या चंद्रपूरच्या परिसरातच त्या काळाची बर्फाळ सही सापडावी, हे मला आजही विलक्षण वाटतं. बर्फ ओसरल्यावर तिथे दाट वनं आली. त्यांचाच पुढे चंद्रपूरचा कोळसा झाला.

आता परत आपल्या टेकडीकडे या. हिमनदी इथे आली नाही, पण दूरच्या बर्फाने इथला किनारा ठरवला आहे. वीसेक हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचं इतकं पाणी हिमस्तरांत अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तिथे पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. हिशेब सोपा आहे : तेव्हा तिथे समुद्रच नव्हता. अँटॉप हिलवरून पश्चिमेला निघालेला माणूस कित्येक दिवस जमिनीवरून चालत राहिला असता. मग बर्फ वितळला, समुद्र चढत आला आणि उंचवटे तेवढे बेटं म्हणून उरले. परळच्या बेटावर आपली ही टेकडी राहिली.

टेकडीपासून सात-आठ किलोमीटर दक्षिणेला, १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली साडेतीनशेहून अधिक झाडांचे बुंधे निघाले. कित्येक मुळांवर ताठ उभे होते. झाडं खैराची, म्हणजे ज्याचा कात आपण विड्यात घालतो त्याची. खैर खाऱ्या पाण्यात उगवत नाही. ओहोटीच्या रेषेच्याही खाली बुडालेलं ते रान पाहून त्या काळच्या भूवैज्ञानिकांनी जमीन खचल्याचं निदान केलं. कारण काहीही असो, जिथे बोटी लागतात तिथे एके काळी कोरडी जमीन आणि सावली होती.

अँटॉप हिलचा पुष्कळसा भाग आज घरांनी आणि वसाहतींनी झाकला आहे. तरी कुठे उघडा खडक दिसला तर थांबा. तो एकसंध आहे की तुकड्यांचा? रंग कोणता? पूर्वेला खाडीकडे जमीन किती झपाट्याने सपाट होते? फोनमधून जागेचे आकडे घ्या, उत्तरं वहीत लिहा, आणि ते आकडे एखाद्या शाळकरी मुलाला द्या. दगड मात्र तिथेच राहू द्या, पुढच्या शोधणाऱ्यासाठी.