उरलेल्या वेळाचं शहाणपण

समजा, अर्धा तास मोकळा मिळाला. तो कुणाबरोबर घालवाल? घरच्या माणसाबरोबर, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाबरोबर, की नव्याने ओळख झालेल्या, सूत जुळेल असं वाटणाऱ्या कुणाबरोबर? स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी हा साधा प्रश्न वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारला. वयस्कर मंडळींचा कौल घरच्या माणसाला मिळाला. तरुणांची पसंती विखुरलेली होती. यात नवल ते काय? नवल पुढे आहे. ‘तुम्ही लवकरच एकटे दूरगावी राहायला जाणार आहात’ अशी कल्पना करायला सांगताच तरुणही आपल्या माणसांकडे वळले. आणि ‘नव्या उपचारांमुळे तुमचं आयुष्य २० वर्षांनी वाढणार आहे’ असं म्हटल्यावर वयस्करांचा तो ओढा ओसरला.

म्हणजे हा फरक नुसत्या वयाचा नाही. पुढे किती वेळ आहे असं वाटतं, त्यावर माणसाची निवड ठरते. हाँगकाँगमध्ये याचा पडताळा आला. जुलै १९९७ मध्ये हे शहर ब्रिटनकडून चीनकडे जायचं होतं. हस्तांतर दोन महिन्यांवर आलं, तेव्हा तिथले तरुणही म्हाताऱ्यांसारखेच जवळच्या माणसांना धरून होते. वर्षभराने सगळं स्थिरस्थावर झाल्यावर त्यांची आवड पुन्हा पहिल्यासारखी झाली.

वेळ अमाप वाटतो तेव्हा माणूस ओळखी, कौशल्यं, संधी जमवत सुटतो आणि त्यासाठी मनस्तापही सोसतो. वेळ थोडा वाटू लागला की बिनकामाची नाती आपोआप गळतात, जिवाभावाची उरतात. रोजच्या ताणावरही याचा परिणाम होतो. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील डेव्हिड अल्मेडा यांचा चमू अमेरिकेतल्या लोकांना सलग आठ संध्याकाळी फोन करून विचारतो: आज कुणाशी वाद झाला का? होता होता टाळलात का? कामावर किंवा घरी काही बिनसलं का? वीस वर्षांच्या अशा नोंदींत पंचविशीतले लोक जवळजवळ निम्म्या दिवशी काहीतरी ताण झाल्याचं सांगतात. सत्तरीतले साधारण ३० टक्के दिवशी. एक कारण उघड आहे: नोकरी, मुलं, हप्ते यांची ओढाताण उतारवयात कमी होते. दुसरं कारण अंगवळणी पडलेलं असतं. शब्दाने शब्द वाढतोय असं दिसलं की जुनीजाणती माणसं विषय सोडून देतात, आणि सोडून दिल्यावर तो मनात घोळवतही नाहीत. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

पण हे शहाणपण एका ठिकाणी तोकडं पडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुझन चार्ल्स सांगतात की वयस्करांचं बळ ताण टाळण्यात आहे; टाळताच न येणारा, लांबलेला ताण आला की त्यांचं शरीर सावरायला जास्त वेळ घेतं. ओहायो राज्य विद्यापीठात १९९५ साली याच्याशी जोडलेला एक प्रयोग झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या आणि तितक्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून ती कधी भरते ते पाहिलं. इतरांची जखम ३९ दिवसांत भरली, शुश्रूषा करणाऱ्यांची भरायला ४८ दिवसांहून जास्त लागले. जखम तेवढीच, वयही तेवढंच. भार मात्र वेगळा.

आपल्याकडे तर आजारी माणसाचं घरातच करायची रीत आहे, आणि ते करणारी बहुधा साठी गाठलेली पत्नी किंवा पन्नाशीतली सून असते. रोग्याच्या तब्येतीची चौकशी सगळे करतात, तिची कुणी करत नाही. वाद सोडून देता येतो, अंथरुणाला खिळलेला माणूस सोडून जाता येत नाही. म्हणून या दिवाळीत अशा घरी फराळाचा डबा घेऊन जाल, तेव्हा दोन तास तिथे थांबा आणि तिला म्हणा, “मी बसतो इथे, तुम्ही जरा बाहेर जाऊन या.” तिला खरी गरज त्या दोन तासांची आहे.