वेडाचे मूळ शिध्यात

आहाराचा मनाशी संबंध आहे, ही गोष्ट आपल्याकडे कोणास नव्याने सांगावयास नको. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातले सात्त्विक, राजस आणि तामस हे आहाराचे तीन प्रकार घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतात. परंतु माणसाची विवेकबुद्धी शाबूत राहणे वा न राहणे हे त्याच्या ताटात काय पडते यावर अवलंबून असू शकते, याची निःसंदिग्ध शास्त्रीय प्रचीती ज्या प्रकरणाने जगाला आणून दिली, ते अमेरिकेच्या दक्षिण भागातील आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्जिया, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना या कापूस पिकविणाऱ्या मुलखात पेलाग्रा नामक व्याधीने थैमान मांडले. हातांच्या पाठीवर आणि मानेभोवती, जेथे जेथे ऊन लागे तेथे, त्वचा भाजल्यासारखी लाल होऊन पुढे काळवंडे व खरखरीत होई. जीभ सोलवटून निघे, जुलाब लागत. आणि याच सुमारास, पुष्कळदा त्याच्याही अगोदर, रोग्याच्या स्वभावात असा पालट पडे की घरची माणसे गोंधळून जात. कालपर्यंत शांत व कष्टाळू असलेली बाई क्षुल्लक कारणावरून संतापू लागे, तिची झोप उडे, अकारण रडू येई, कसली तरी भीती मनात ठाण मांडून बसे, आणि अखेरीस स्थळकाळाचे भान सुटून तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होई. १९०६ ते १९४० या काळात सुमारे तीस लाख लोकांना या रोगाने ग्रासले व एक लाखाच्या आसपास दगावले, असा अंदाज आहे. हा रोग सांसर्गिक आहे असे बहुतेक वैद्यकीय पंडितांचे मत होते. काहींनी तर रोग्यांच्या कुळातच खोट काढली.

१९१४ साली अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांस या कामगिरीवर मुक्रर केले. अनाथाश्रम आणि वेड्यांची इस्पितळे यांची पाहणी करताना त्यांच्या ध्यानी आले, की आश्रितांना व रोग्यांना पेलाग्रा होतो, पण त्यांच्याच सहवासात अहोरात्र वावरणाऱ्या परिचारकांना मात्र होत नाही. सांसर्गिक रोग असा हुद्दा पाहून माणसे निवडीत नसतो. मिसिसिपीतील जॅक्सन येथील एका अनाथाश्रमात तर रोग मुख्यत्वे सहा ते बारा वर्षांच्या मुलांतच आढळला, कारण त्याहून लहानांना दूध मिळे, मोठी मुले कामाला जात म्हणून त्यांच्या वाट्यास थोडे मांस येई, आणि मधल्यांच्या नशिबी मक्याचे पीठ व काकवी एवढेच उरे. गोल्डबर्गरांनी दूध, अंडी, मांस व कडधान्ये यांचा बंदोबस्त करताच रोग ओसरला.

एवढ्याने विरोधक नमेनात, तेव्हा १९१५ साली मिसिसिपीच्याच रँकिन येथील तुरुंगाच्या शेतीवर त्यांनी उलट प्रयोग केला. शिक्षामाफीच्या करारावर स्वेच्छेने पुढे आलेल्या निरोगी कैद्यांना मक्याच्या कण्या, मक्याची भाकरी, रताळी, भात, पाक आणि साखर घातलेली कॉफी असा पोट भरणारा, पण दूध-मांस वर्ज्य असलेला शिधा त्यांनी महिनोगणती दिला. अखेरपर्यंत टिकलेल्या अकरांपैकी सहा जणांच्या अंगावर पेलाग्राची लक्षणे उमटली. तरीही जंतूचा आग्रह सुटेना, म्हणून गोल्डबर्गरांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले, त्यांच्या त्वचेच्या खपल्या गिळल्या. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही रक्त टोचून घेतले. कोणासही रोग झाला नाही. विज्ञानाच्या इतिहासात इतका निर्भय युक्तिवाद मला तरी दुसरा आठवत नाही.

मात्र शिध्यातील नेमके कोणते द्रव्य उणे पडते याचा उलगडा पाहण्यापूर्वीच, १९२९ साली, ते निवर्तले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉनराड एल्व्हेजेम यांनी ते द्रव्य निकोटिनिक आम्ल, म्हणजे आज आपण ज्यास नायसिन म्हणतो ते ब गटातील जीवनसत्त्व, असल्याचे दाखविले. ते पोटात जाताच, भ्रमिष्ट म्हणून कोंडून ठेवलेले कित्येक रोगी थोड्याच दिवसांत आप्तेष्टांना ओळखू लागले. मक्यात हे द्रव्य अशा रीतीने बांधलेले असते की ते आतड्यात सुटत नाही. मेक्सिकोतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत, त्यामुळे ते मोकळे होई. युरोपने मका नेला, चुना मागे ठेवला, आणि स्पेन व इटलीतील शेतकऱ्यांनी त्याची किंमत अठराव्या शतकापासून मोजली.

ही कथा दूरदेशीची म्हणून सोडून देता येत नाही. दख्खनच्या पठारावर, निव्वळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या मजुरांत, हाच रोग हैदराबादच्या पोषण संशोधकांना आढळला, आणि ज्वारीतील ल्युसिन या घटकाचे आधिक्य शरीराच्या नायसिन-व्यवहारात बाधा आणते, असा विचार डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडला. भाकरीस दोष देण्याचे यात कारण नाही. दोष आहे तो भाकरीबरोबर दुसरे काहीच न मिळण्याचा. पिठल्याची, डाळीची, वाटीभर दुधाची जोड मिळाली की तीच ज्वारी उत्तम अन्न ठरते.

सर्वच मनोविकार आहारातून उद्भवतात असे मुळीच नव्हे, आणि तसे सांगून औषधोपचार सोडावयास लावणारे लोक रोग्याचे अपरिमित नुकसान करतात. परंतु आपल्या शाकाहारी कुटुंबांत ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते, आणि हातापायांच्या मुंग्यांबरोबर विस्मरण, चिडचिड व खिन्नता हीही तिची लक्षणे असतात. तेव्हा घरातील वृद्ध माणूस एकाएकी हट्टी, विसराळू वा उदास झाला, तर त्याच्या वयाला वा स्वभावाला बोल लावण्यापूर्वी तो दोन्ही वेळा खरोखर काय जेवतो हे पाहा, ते डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि रक्ताची तपासणी करून घ्या.